दादर–कुडाळ तुतारी एक्स्प्रेस : तारीख नीट बघून तिकीट काढा

आधी कामाचं सांगतो, मग गजाली. तुतारी एक्स्प्रेस दादरहून रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते. म्हणजे चौदा तारखेला रात्री जेवूनखाऊन निघायचं असेल तर तिकीट पंधरा तारखेचं काढायचं. हे पुन्हा एकदा वाचा आणि मगच पुढे जा. मी एका काजू कारखान्यात अडतीस वर्षं हिशेब लिहिले. दर ३१ मार्चला ‘हे बिल या वर्षातलं की पुढच्या’ यावरून मालकाशी भांडलो, ऑडिटरशी भांडलो. आणि तोच मी चौदा तारखेच्या रात्री चौदा तारखेचं तिकीट घेऊन दादरच्या फलाटावर उभा होतो.

गाडी लागली. स्लीपरचा डबा, सतरा आणि वीस, दोन्ही खालच्या बर्थ, म्हाताऱ्यांना हव्या तशा. आत गेलो तर सतरावर एक पोरगा बूट काढून आडवा झालेला आणि वीसवर त्याची बायको चादर पसरत होती. मी म्हटलं, “बाळा, या आमच्या जागा.” तो उठून बसला, त्याचं तिकीट बघितलं, माझं बघितलं. मी आवाज चढवायच्या बेतात होतो. मग तो इतक्या हळू बोलला की मला त्याची दयाच आली. “काका, तुमच्या जागा बरोबर आहेत. पण तुमची गाडी काल रात्री गेली.”

बायको काही बोलली नाही. दोन बॅगा, एक पिशवी आणि लेकीने बळेच दिलेला जुना मिक्सर उतरवून आम्ही पुन्हा टॅक्सीत बसलो. परळ येईपर्यंत गप्प. उतरताना म्हणाली, “अडतीस वर्सां तुमका पगार कित्याक दिय होते?”

दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला जावयाने तत्काळमध्ये तिकीट काढून दिलं, सोळा तारखेचं. आम्ही पंधराच्या रात्री निघालो. यावेळी डब्यात शिरण्याआधी बायकोने तारीख स्वतः वाचली, मोठ्याने.

पुतणी म्हणाली, काका, एवढं झालंय तर रिव्ह्यू लिहाच. लिहितो. पण मी हिशेबाचा माणूस. गाडीत गादी कशी होती आणि पंखा फिरत होता का, एवढ्यावर माझं समाधान होत नाही. ही गाडी कुठल्या खात्यात जमा आहे हेही मला बघावं लागतं.

तर तुतारी. आजकाल हे नाव घेतलं की माणसं आधी विचारतात कुठल्या पक्षाची. गाडीचं नाव त्याच्या बरंच आधीचं आहे. पूर्वी ही राज्यराणी एक्स्प्रेस होती. मे २०१७ मध्ये केशवसुतांच्या कवितेवरून तिचं तुतारी असं बारसं झालं. केशवसुत मालगुंडचे, म्हणजे याच वाटेवरचे. त्याच महिन्यात मुंबई ते करमळी तेजसही सुरू झाली आणि पहिल्याच फेरीनंतर डब्यातले हेडफोन गायब झाल्याच्या बातम्या आल्या. तेव्हा रेल्वेमंत्री होते सुरेश प्रभू, आमच्या राजापूर मतदारसंघाचे चार वेळचे खासदार आणि धंद्याने चार्टर्ड अकाउंटंट. आता तुम्हाला कळलं असेल मी गादी-पंख्यावर का थांबत नाही.

राजापूर मतदारसंघ आता नाही. फेररचनेत गेला, २००९ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्ग आला. पण होता तेव्हा त्याने दिल्लीला एकेक माणूस काय पाठवला! बॅरिस्टर नाथ पै, वेंगुर्ल्याचे, १९५७ पासून १९७१ मध्ये गेले तोपर्यंत. मग मधु दंडवते, मुंबईत कॉलेजात फिजिक्स शिकवणारे, सलग पाच निवडणुका. मग ब्रिगेडियर सुधीर सावंत. आणि १९९६ ला प्रभू. बॅरिस्टर, प्रोफेसर, ब्रिगेडियर, सीए. लग्न जमवणाऱ्याच्या वहीत शोभावी अशी यादी. माझं पहिलं मत १९७७ चं, दंडवत्यांना. त्यांना निवडून दिलं आणि ते रेल्वेमंत्री झाले. त्याआधी दुसऱ्या वर्गाच्या स्लीपरला नुसती लाकडी फळी असे. दंडवत्यांनी तिच्यावर फोमची गादी आणली. परवा रात्री बर्थवर पाठ टेकली तेव्हा बायकोला म्हटलं, हे दंडवत्यांचं. ती म्हणाली, झोपा.

माझ्या डोक्यात मात्र तिथूनच हा हिशेब सुरू झाला. आमच्या एकाच मतदारसंघाने देशाला दोन रेल्वेमंत्री दिले. एकाने केलेलं पाठीला कळतं. दुसऱ्याने काय केलं, हे सांगायला पाठीचा उपयोग नाही. त्याला वही उघडावी लागते.

प्रभू १९५३ चे, मी ५४ चा. सत्तरच्या दशकात मीही मुंबईत सीए व्हायला आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, करत होतो. गिरगावात एका जिन्याखालच्या ऑफिसात दिवसभर व्हाउचरवर टिक मारायची आणि रात्री वाचनालयात बसायचं. सीएच्या इंटर परीक्षेचा पहिला ग्रुप निघाला, दुसऱ्या ग्रुपला माझी गाडी सायडिंगला गेली. वडील वारले, मी गावी आलो आणि काजू कारखान्याच्या खुर्चीत बसलो तो बसलोच. त्यामुळे एखादा सीए निवडणुकीला उभा राहिला की माझ्या मनात मत देणारा आणि जळणारा असे दोघे एकदम जागे होतात. प्रभू उभे राहिले तेव्हा ते सारस्वत बँकेचं अध्यक्षपद भूषवलेले गृहस्थ होते. सभेत बाकीचे हात उगारून बोलायचे, हे आकडे सांगायचे. मागे बसलेले तरुण जांभया द्यायचे. मी कागदावर टिपून घ्यायचो. घरी येऊन ताळा करून बघायचो, ही माझी खोड.

निवडून आले आणि वाजपेयींच्या पहिल्या, तेरा दिवसांच्या सरकारात उद्योगमंत्री झाले. तेरा दिवसांत खुर्चीची उंची बसवून होत नाही. पुढे ९८ ला पर्यावरण, मग खतं-रसायनं, आणि २००० मध्ये ऊर्जा. इथे थोडं थांबतो, कारण या खात्याचा कागद माझ्या टेबलावर येत असे.

कारखान्याचं विजेचं बिल मी दर महिन्याला फाइल करायचो. भट्टी लाकडांवर आणि टरफलांवर चालते, पण ड्रायर, पंप, पॅकिंग सगळं विजेवर. फाइल उघडली तर २००५ च्या मध्यापर्यंतच्या बिलांवर ‘महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ’ आणि नंतरच्या बिलांवर ‘महावितरण’. मालकाने विचारलं, हे नाव का बदललं, लेजरात नवं खातं उघडायचं का? मी वाचून घेतलं. वीज बनवणारी कंपनी वेगळी, वाहून नेणारी वेगळी, घरोघर देणारी वेगळी, म्हणजे तोटा नेमका कुठल्या टप्प्यावर होतो ते दिसावं. एका मंडळाच्या एकाच पोटात तीन धंदे असले की चोरी कुठली, गळती कुठली आणि आळस कुठला, काही उमगत नाही. आम्ही काजूत हेच करतो. बीचं पोतं ८० किलोचं. भाजणीला किती घटलं, फोडणीला तुकडा किती झाला, सोलताना किती गेलं, प्रत्येकाची पाटी वेगळी. साधारण चार किलो बीला एक किलो गर मिळायला हवा. कमी आला तर कुठल्या पाटीत कमी आला ते कळतं, मग त्या माणसाशी बोलता येतं.

ते विद्युत विधेयक २००१ मध्ये लोकसभेत मांडलं प्रभूंनी. कायदा झाला २००३ मध्ये, तेव्हा ते मंत्री नव्हते. ऑगस्ट २००२ मध्ये शिवसेनाप्रमुखांनी सांगितलं, राजीनामा द्या. त्यांनी दिला. पंतप्रधान समाधानी होते, खातं चालत होतं, पण पक्षाला नको होतं. कारणांबद्दल तेव्हा नाक्यावर बरंच बोललं गेलं, ते मी इथे लिहीत नाही. मला एवढंच लागलं की माणूस उभा राहून भांडला नाही. लगेच नदीजोडच्या कृतिदलाचं अध्यक्षपद मिळालं, तिथे जाऊन नकाशे उघडून बसला. आमच्या कारखान्यात एक कॅशियर होते, त्यांना मालकाच्या मेव्हण्यासाठी बाजूला केलं, तर दुसऱ्या दिवशी तेच मेव्हण्याला चलन कसं भरायचं ते शिकवत होते. काही माणसं अशी असतात. त्यांच्याबद्दल आदर वाटतो आणि रागही येतो.

मग २००९. नवा मतदारसंघ, नवी लढत, प्रभू हरले. आणि आता कबुली द्यायची तर, त्या निवडणुकीत मी मत दिलं नाही. भाचीचं लग्न बेळगावला होतं. कारण खरं आहे, पण मनापासून जायचं असतं तर लग्न आटोपून परत येता आलं असतं. मला वाटलं, काय फरक पडतो. हे वाक्य बोलणाऱ्या कारकुनाला मी स्वतः दोनदा मेमो दिलेला आहे.

गाडीबद्दल लिहा म्हणाल. लिहितो. दादर, ठाणे, पनवेल, आणि मग दिवे मालवले. या गाडीने कोकण बघायला निघाला असाल तर एक ध्यानात ठेवा, अर्धं कोकण अंधारात जातं. रोह्यापासून कोकण रेल्वेची हद्द लागते. तिथून वीरपर्यंतचे ४७ किलोमीटर आता दुपदरी झालेत, २०२१ पासून. पुढे एकच रूळ, क्रॉसिंगला थांबणं आलंच. जाग आली तेव्हा खिडकीबाहेर नुसती दाट झाडी आणि धुकं. मग करबुड्याचा बोगदा, साडेसहा किलोमीटर. बोगद्यात शिरलं की सगळ्या डब्यातली बोलणी एकदम थांबतात आणि बाहेर आलं की तिथूनच पुढे सुरू होतात. मला हे दर वेळी आवडतं.

रत्नागिरीनंतर समोरच्या बर्थवरचे गृहस्थ उठून बसले. वय माझ्याएवढंच, हाताची बोटं जाड, नखं रुंद.

“खंय उतरतलास?”

“कुडाळाक. तुमी?”

“वैभववाडी.”

लोहमार्गावर ट्रॅकमन होते, निवृत्त. पावसाळ्यात रात्री कंदील आणि काठी घेऊन रुळावरून चालणारी माणसं तुम्ही खिडकीतून बघितली असतील, त्यातले. दरड आली का, माती सरकली का, पाण्याचा आवाज बदलला का, हे ऐकत चालायचं. पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक लागतं ते यासाठीच, गाड्यांचा वेग कमी करतात. मी त्यांना विचारलं, तुमच्या मते रेल्वेमंत्री कोण बरा? ते हसले. “मंत्री कोणव असो. रूळ झिजताच.”

रूळ झिजताच! पाठ्यपुस्तकात घसाऱ्यावर चाळीस पानं असतात, ती सगळी या दोन शब्दांत आली. घसारा म्हणजे डोळ्यांना न दिसणारा खर्च. पैसे आज खिशातून जात नाहीत, म्हणून वाटतं खर्च झालाच नाही. यंत्र झिजतं, छप्पर झिजतं, रूळ झिजतात आणि ज्या वर्षी झिजले त्या वर्षी कोणी लिहून ठेवलं नाही तर एक दिवस सगळं बिल एकदम येतं. आमच्या मालकाला घसाऱ्याची तरतूद म्हणजे ऑडिटरने काढलेलं खूळ वाटायचं. बॉयलर फुटला तेव्हा पटलं. सुदैवाने जेवणाची सुट्टी होती.

प्रभू ९ नोव्हेंबर २०१४ ला भाजपमध्ये गेले आणि त्याच दिवशी मंत्री झाले. रेल्वे खातं. राज्यसभेवर गेले ते आधी हरियाणातून, मग २०१६ ला आंध्र प्रदेशातून. आमचा मालवणी मुलूख त्यांनी कागदोपत्री असा सोडला. गावात कोणी म्हणालं, हरियाणात भात-कढी मिळते का रे? पण रेल्वे मिळाल्यावर सगळे एकदम ‘आपले प्रभू’ म्हणू लागले आणि प्रत्येक स्टेशनाला गाडी थांबायची मागणी तयार झाली.

२६ फेब्रुवारी २०१५ ला पहिलं रेल्वे बजेट. मी टीव्हीपुढे वही घेऊन बसलो. आजवरची रीत अशी की मंत्री नव्या गाड्यांची यादी वाचणार, त्याच्या राज्याचे खासदार बाकं वाजवणार. या माणसाने यादीच वाचली नाही. आहे तो मार्ग आधी नीट करू, रूळ वाढवू, पाच वर्षांत ८ लाख ५६ हजार कोटी गुंतवू. आणि पुढच्याच महिन्यात एलआयसीकडून दीड लाख कोटी लांब मुदतीने उभे करायचा करार. माझ्या शेजाऱ्याने टीव्ही बंद केला, “ह्यात आपल्याक काय मिळाला?” मला मात्र अंगावर काटा आला. हिशेबाच्या माणसाला कशाने काटा येतो ते बाकीच्यांना समजावणं कठीण आहे. त्याचा ताळेबंद जुळला की येतो.

तिकिटावर तुम्ही एक ओळ वाचली असेल, प्रवासाच्या सरासरी खर्चापैकी रेल्वे फक्त ५७ टक्के वसूल करते म्हणून. ती २०१६ मध्ये छापायला लागले. हॉटेलवाला कधी ताटाखाली लिहून देतो का, की या थाळीला मला एवढा खर्च आला? ही ओळ राजकारणी लिहीत नाही, लिहायला कॉस्ट शीट करणारा माणूस लागतो. आणि त्याच वर्षी तिकिटाबरोबर विमा, हप्ता ९२ पैसे, संरक्षण १० लाखांचं. ब्याण्णव पैसे! एक रुपया का नाही, असं बायकोने विचारलं. मी म्हटलं, कारण हिशेब ९२ चा आला असेल. नंतर तो कधी फुकट झाला, कधी दर बदलला. पण ९२ मला पाठ आहे.

खरी मोठी गोष्ट पुढची, आणि तिच्याबद्दल नाक्यावर कोणीच बोललं नाही. रेल्वेचं बजेट इंग्रजांच्या काळापासून, १९२४ पासून, वेगळं मांडत. वर्षातून एकदा रेल्वेमंत्र्याचा दिवस. सगळे कॅमेरे त्याच्यावर. प्रभूंनी स्वतः अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं, हे बजेट तुमच्यात मिळवून घ्या. सप्टेंबर २०१६ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलं. म्हणजे २५ फेब्रुवारी २०१६ ला प्रभूंनी मांडलं ते शेवटचं रेल्वे बजेट. आपल्या हातातला माइक आपणच बंद करणारा मंत्री मी तरी दुसरा बघितलेला नाही. आणि हिशेबाची पद्धतही बदलायला घेतली. सरकारी वही रोखीची असते, पैसे आले की जमा, गेले की खर्च. धंद्याची वही देणं-घेणं ज्या दिवशी निर्माण झालं त्या दिवशीची असते, आम्ही मर्कंटाइल म्हणतो. रेल्वेची मालमत्ता किती, झीज किती, देणी किती, हे त्या वहीत दिसतं. सीएंच्या संस्थेला बरोबर घेऊन अजमेर विभागात त्याची चाचणी केली. मी हे सगळं समोरच्या ट्रॅकमनना सांगत होतो. ते मन लावून ऐकत होते, किंवा डोळे उघडे ठेवून झोपायची त्यांना सवय असावी.

आता खर्चाची बाजू, नाहीतर तुम्ही म्हणाल जातभाई म्हणून सांभाळून घेतो. रेल्वेत ऑपरेटिंग रेशो नावाचं एक प्रमाण असतं. शंभर रुपये कमावायला किती रुपये घातले, एवढंच. २०१५-१६ साठी त्यांनी ८८.५ सांगितलं, वर्ष संपताना साडेनव्वदच्या आसपास आलं. पुढच्या वर्षी ९२ म्हटलं आणि आलं ९६.५. सातव्या वेतन आयोगाचा बोजा होता, मालवाहतूक मंदावली होती, कारणं खरी आहेत. पण मीच शिकलोय की कारणं तळटीपेत जातात, आकडा वर राहतो. राजधानी-शताब्दीला बर्थ भरत जातील तसं भाडं वाढवायची योजना आणली, तीही मला रुचली नाही. विमानाचं ठीक आहे.

आणि अपघात. नोव्हेंबर २०१६ मध्ये कानपूरजवळ पुखरायां इथे इंदूर-पाटणा एक्स्प्रेस घसरली, दीडशेच्या आसपास माणसं गेली. जानेवारी २०१७ मध्ये हीराखंड एक्स्प्रेस. १९ ऑगस्ट २०१७ ला खतौलीला उत्कल एक्स्प्रेस. तिथे रुळाचं काम चाललेलं होतं आणि त्यावरच भरधाव गाडी आली. चार दिवसांनी औरैयाजवळ कैफियत एक्स्प्रेस. खतौलीचं नाव आल्यावर ट्रॅकमन एकदम सरळ बसले होते. त्याबद्दल ते इतकंच बोलले, “काम चालू आसताना लाल बावटो लावचो आसता. तो कागदार लावन चलना नाय.” मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

प्रभूंनी नैतिक जबाबदारी घेतली, पंतप्रधानांना भेटले. थांबा, असं उत्तर मिळालं. ३ सप्टेंबरला खातं बदललं, वाणिज्य मिळालं. रेल्वेत त्यांच्या जागी आले पीयूष गोयल. तेही सीएच! मला त्या दिवशी हसावं की काय करावं कळेना. चार्ज देताना दोघे काय बोलले असतील? मी तर ताळेबंदाच्या मागच्या पानावर बोट ठेवून म्हटलं असतं, हे बघून घ्या, रूळ बदलायचे राहिलेत एवढे. कदाचित त्यांनी तसंच म्हटलंही असेल.

त्या वर्षीच्या बजेटात सुरक्षेसाठी पाच वर्षांत एक लाख कोटींचा कोष जाहीर झाला होता. रूळ, पूल, फाटकं यासाठी. म्हणजे घसाऱ्याचाच पैसा, उशिरा काढलेला. आपली कोकण रेल्वे २०२२ मध्ये पूर्ण विजेवर आली, त्या कामाची आणि दुपदरीकरणाची सुरुवात प्रभूंच्या काळातली. पण फीत कापायला त्या दिवशी जो असतो त्याचं नाव राहतं.

वैभववाडीला ट्रॅकमन उतरले. उतरताना फलाटावर वाकून चाकाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघून हात केला. कणकवलीला चहा घेतला. लेकीने बांधून दिलेल्या पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी आम्ही त्याआधीच संपवली होती. सिंधुदुर्ग स्टेशन गेलं आणि कुडाळ आलं, जेवायच्या वेळेआधी घरी पोचता आलं. मिक्सर मीच उतरवला.

तर मूल्यमापन. गाडीला पाचपैकी चार तारे. एक राखून ठेवलाय, अर्ध्या कोकणाच्या अंधाराचा. दादरहून सुटणारी असल्याने मध्य मुंबईतल्यांना फार सोयीची. दिवस मोडत नाही, आणि गावी पोचल्यावर अख्खी दुपार हातात राहते. वयस्करांनी खालच्या बर्थचं तिकीट लवकर काढावं. परतीला ही गाडी संध्याकाळी सावंतवाडीहून निघते, तेव्हा तारखेचा घोळ होत नाही. तरी बघून घ्या. सेकंड स्लीपरला चादर घरून न्या.

खासदाराला साडेतीन. आमच्या सेवेत तेरा वर्षं, पुढची वर्षं दुसऱ्यांच्या. पडताळा केला तर जमेची बाजू जड आहे, पण तिच्यातल्या निम्म्या नोंदी अशा की ग्राहकाला कधी दिसणार नाहीत. अर्धा तारा २००९ चा मी माझ्याकडून कापून त्यांच्या खात्यात टाकला आहे, ते त्यांना ठाऊक असायचं कारण नाही.

घरी आल्यावर संध्याकाळी मी नेहमीची वही काढली. टॅक्सी जाता-येता, तत्काळ तिकीट, चहा. सगळं लागलं. राहिलं ते चौदा तारखेचं, फुकट गेलेलं तिकीट. गाडी सुटून गेलेली, परतावा नाही. प्रवासखर्चात टाकावं तर प्रवास झालेला नाही. नुकसानीत टाकावं तर वर्षाअखेरीला लेक वही चाळते आणि विचारते. मी पेन धरून बसलो होतो. बायको मिक्सर धुऊन पुसत होती. प्रवासभर घसारा, घसारा ऐकून तिचे कान किटले होते.

“कित्याक अडलास?”

सांगितलं.

“घसारो म्हणान लिवा,” ती म्हणाली. “तुमच्या डोक्याचो.”

तसंच लिहिलं.